दोन वर्तुळांमधलं अंतर

लँडस्केपच्या ड्रॉइंगमध्ये झाड म्हणजे एक वर्तुळ. मधोमध खोडाचा ठिपका आणि भोवती, झाड पूर्ण वाढल्यावर त्याचा घेर जेवढा होईल तेवढी गोल रेघ. करंज असेल तर साधारण आठ मीटर व्यासाची, वड असेल तर शीटच्या कडेपर्यंत जाणारी. आमचे विद्यार्थी हे वर्तुळ पहिल्या आठवड्यातच शिकतात. ते काढायला क्षण पुरतो. तेवढी सावली जमिनीवर पडायला मात्र पंधरा-वीस वर्षं जातात, कधी त्याहून जास्त. आमचा सगळा अभ्यासक्रम या मधल्या काळाबद्दल आहे, असं मला इतकी वर्षं शिकवल्यावर वाटू लागलं आहे.

हा संग्रह त्या काळाच्या नोंदींचा आहे. पुण्यातल्या एका महाविद्यालयात लँडस्केप आर्किटेक्चरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करणाऱ्या मुलामुलींनी प्रत्यक्ष जागेवर ठेवलेल्या वह्या इथे एकत्र केल्या आहेत. पानांवर चिखलाची बोटं उमटलेली आहेत. पावसात शाई पसरली आहे. वहीत दाबलेल्या पानांचे तपकिरी ठसे समोरच्या पानावर उठले आहेत. संपादन करताना आम्ही यातलं काही पुसलं नाही, चुकलेली मापंही खोडली नाहीत. माप कुठे चुकलं आणि ते चुकल्याचं कसं कळलं, हे नव्या विद्यार्थ्याला बरोबर मापापेक्षा जास्त शिकवून जातं.

‘लँडस्केप म्हणजे गार्डनिंगच ना?’ हा प्रश्न आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला घरच्या लग्नकार्यात एकदा तरी विचारला जातो. बागकाम ही मोठी विद्या आहे आणि ती येत नसेल तर या क्षेत्रात पाऊल टाकू नये. पण लँडस्केप आर्किटेक्टचं काम झाड लावण्याच्या बरंच आधी सुरू होतं. जमीन कुठून कुठे उतरते, पावसाचं पाणी कुठे थांबतं, मातीखाली मुरूम किती खोलीवर लागतो, दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवरून परततं, माणसं कुठल्या वाटेने जातात आणि कुठे टेकतात, हे आधी समजून घ्यावं लागतं. मग उतार बदलायचा की तसाच ठेवायचा, पाणी वळवायचं की जिरवायचं, हे ठरतं. झाडाची जागा त्यानंतर ठरते. शाळेच्या पटांगणापासून नदीकाठापर्यंत सगळीकडे हाच क्रम असतो.

लँडस्केपची विद्या विद्यापीठात आली ती उशिरा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉ यांनी १८५८ साली केला. ऑल्मस्टेडने हे कुठल्याही वर्गात बसून शिकलेलं नव्हतं, कारण असा वर्गच जगात नव्हता. त्याने शेती केली होती, वर्तमानपत्रांसाठी पायी आणि घोड्यावरून मुलूख पालथा घालून लिहिलं होतं, आणि १८५० साली इंग्लंडमधल्या बर्कनहेड इथली सर्वांसाठी खुली असलेली बाग डोळे भरून पाहिली होती. दलदल आणि खडक असलेल्या जमिनीवर त्याने आणि वॉने अशी झाडं योजली, ज्यांची पूर्ण सावली पुढच्या पिढीला मिळणार होती. १९०० साली हार्वर्डमध्ये या विषयाचा पहिला विद्यापीठीय अभ्यासक्रम सुरू झाला, त्यात ऑल्मस्टेडच्याच मुलाचा पुढाकार होता. बापाने शेतात आणि रस्त्यावर जे मिळवलं, ते मुलाने वर्गात आणलं. तेव्हापासून प्रत्येक शिक्षकापुढे एकच पेच आहे: वर्गात आणताना त्याची माती झटकली जाऊ नये, यासाठी काय करायचं?

भारतात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये १९७२ साली सुरू झाला. आज देशात तो अनेक ठिकाणी शिकवला जातो, पुण्यात डॉ. भानुबेन नानावटी महाविद्यालयातही. पण आपल्या मातीत या विचाराचं बीज त्याच्या कितीतरी आधी पडलं होतं. पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. त्याआधी आणि त्या काळातही ते हिंदुस्थानातली शहरं पायी हिंडत होते आणि त्यांचे अहवाल लिहीत होते. गल्ल्या पाडून रुंद रस्ते करण्याची तेव्हा रीत होती. गेडिस म्हणत, आधी चालून पाहा, कुठलं झाड, कुठली विहीर, कुठला चौक अजून जिवंत आहे ते टिपा, आणि लागेल तेवढाच छेद द्या. या पद्धतीला त्यांनी शस्त्रक्रियेची उपमा दिली होती.

होळकरांच्या इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ सालचा. प्लेगने गांजलेल्या त्या शहरात त्यांनी दिवाळीच्या सुमारास एक मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केलं की ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या आळ्यांनी घरं जास्तीत जास्त झाडून-सारवून दुरुस्त केली असतील, तिथून ती जाईल. शहर कामाला लागलं, गाड्या भरभरून कचरा निघाला, आणि मिरवणुकीत तुळशीची रोपं वाटली गेली. मी ही हकीकत दर वर्षी पहिल्या तासाला सांगते. आराखडा लोकांच्या हातांनी जमिनीवर उतरतो आणि त्याची सुरुवात अंगणातल्या एका कुंडीपासून होऊ शकते, एवढं त्या मुलांच्या मनात राहावं म्हणून.

या अभ्यासक्रमाला येणारी मुलं आर्किटेक्चरची पाच वर्षं पुरी करून आलेली असतात. भिंत, खिडकी, जिना त्यांच्या हातात बसलेले असतात. जमीन मात्र बहुतेकांना सपाट वाटते, कागदासारखी. म्हणून पहिल्या दिवशी आम्ही त्यांना ओल्या मातीचा एक गोळा देतो. त्याचा डोंगर करायचा, प्लॅस्टिकच्या टबात ठेवायचा आणि पट्टी लावून एकेक सेंटिमीटर पाणी ओतायचं. प्रत्येक वेळी पाण्याची कड मातीला जिथे भिडते तिथे टाचणीने रेघ मारायची. सात-आठ रेघा झाल्या की पाणी काढून वरून पाहायचं. नकाशातल्या कंटूर रेषा म्हणजे पाण्याची कड, हे त्या क्षणी कळतं. रेघा जवळजवळ आल्या तिथे चढ उभा, लांब गेल्या तिथे जमीन ऐसपैस. या संग्रहातल्या एका विद्यार्थिनीने त्या दिवशी वहीत एकच ओळ लिहिली आहे: ‘आज पहिल्यांदा नकाशा ओला दिसला.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपापल्या गावाकडचं पाणी काढून दाखवायचं असतं, आठवणीतून. हा तास मला फार प्रिय आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडची मुलं मालगुजारी तलाव काढतात. धुळ्याचा मुलगा पांझरेकाठची फड पद्धत समजावतो, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाळीने भिजणारी शेतं. रत्नागिरीची मुलगी जांभ्याचा सडा रंगवते, जो पावसाळ्यात फुलांचा होतो आणि मे महिन्यात तव्यासारखा तापतो. गोव्याची मुलगी खाजन शेतं काढते आणि भरती-ओहोटीप्रमाणे उघडमिट करणारी मानस म्हणजे काय, ते हाताने दाखवते. पुण्याची मुलं कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांच्या काळात भुयारी नळाने शहरात आलेलं पाणी आणि पेठांतले हौद काढतात. तासाच्या शेवटी फळ्यावर महाराष्ट्र आणि गोवा पाण्याच्या रेघांनी भरलेले असतात. जे शिकायला आपण आलो त्यातलं बरंच आपल्या आजोबांना येत होतं, हे मुलांना आपसूक उमगतं. मग पुस्तकं उघडली की त्यातल्या शब्दांना मनात बसायला जागा मिळते.

झाडांची ओळख मात्र सकाळीच करावी लागते. साडेसहाला मुलं रस्त्यावर असतात. नाव सांगून आम्ही पुढे जात नाही. साल हाताने चाचपायची, पान चुरगळून वास घ्यायचा, खाली पडलेली शेंग फोडून पाहायची, झाडाचा घेर पावलांनी मोजायचा. शहरातली परिचित झाडं कुठून आली, हे कळलं की मुलं थबकतात. गुलमोहर मादागास्करचा, नीलमोहर दक्षिण अमेरिकेतला. आणि सोसायट्यांच्या कुंपणाला रांगेने उभा असतो तो आसुपालव. त्यालाच लोक अशोक म्हणतात, सीतेचा अशोक वेगळा. परक्या झाडांचा दुस्वास आम्ही शिकवत नाही. रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षाच्या सावलीत ज्याने मे महिन्यात रिक्षाची वाट पाहिली आहे, तो असा दुस्वास करणारही नाही. पण कुठलं झाड कुठल्या फुलपाखराला पोसतं, कुठल्या पक्ष्याला घर देतं, कुणाची मुळं फरशी उचलतात आणि कुणाची उचलत नाहीत, हे माहीत असल्याशिवाय निवड करता येत नाही.

बुर्ले मार्क्सची गोष्ट इथे आठवते. ब्राझीलचा हा तरुण १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये चित्रकला शिकत होता. तिथल्या दाह्लेमच्या वनस्पती उद्यानात, काचेच्या घरात, त्याने आपल्याच देशातली झाडं पहिल्यांदा नीट पाहिली. ब्राझीलच्या बागा तेव्हा युरोपच्या झाडांनी भरलेल्या होत्या. परत जाऊन त्याने आयुष्यभर रानातली झाडं गोळा केली आणि त्यांच्याच बागा रचल्या. आमच्या मुलांना त्यासाठी बर्लिनला जायला नको, पुण्यातली वेताळ टेकडी पुरे. तिथे उंदीरमारीचं रान दिसतं. वनीकरणासाठी लावलेलं हे परदेशी झाड भराभर वाढतं आणि टेकडी लवकर हिरवी दिसते. पण त्याच टेकडीच्या उघड्या उतारांवर पावसाळ्यात गवत कमरेपर्यंत येतं, त्यात गवती फुलं आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असतात. दख्खनचे असे माळ हे मुळातच गवताचे. त्यांना झाडांनी झाकणं म्हणजे सुधारणा नव्हे. एका वहीत या विषयावर तीन पानं आहेत. पहिल्या पानावर विद्यार्थ्याने टेकडीवर पाचशे झाडं लावायचा बेत लिहिला आहे. तिसऱ्या पानावर तो बेत खोडून लिहिलंय, ‘पावसाळा संपेपर्यंत काही ठरवायचं नाही.’ एवढं शिकला, तर त्याचं एक वर्ष कारणी लागलं असं मी समजते.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले इयान मॅकहार्ग यांनी १९६९ साली जे पुस्तक लिहिलं, त्यातली पद्धत आम्ही या टेकडीवरच शिकवतो. उतार, खडक, माती, पाणी, झाडोरा, वहिवाट असे एकेक थर वेगवेगळ्या पारदर्शक कागदांवर काढायचे आणि एकावर एक ठेवून पाहायचे. कुठे हात लावू नये ते आधी दिसतं, कुठे बांधता येईल ते नंतर. आता हे काम संगणकावर होतं. तरी पहिल्या खेपेला आम्ही बटर पेपरच वापरतो, कारण सहा कागद खिडकीला लावून उन्हात पाहताना मुलं एकमेकांशी भांडतात, आणि त्या भांडणात खूप काही कळतं. सोबत दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ वाचायला सांगतो. महिन्यागणिक झाडाकडे पाहायची सवय त्यातून लागते.

पण या संग्रहाचा गाभा आहे तो एका शाळेच्या पटांगणात.

शहराच्या कडेची ही प्राथमिक शाळा. पटांगण वीस मीटर रुंद, तीस मीटर लांब, वर्गांचं छप्पर चारशे चौरस मीटरच्या आसपास. तक्रार एकच होती: पावसाळ्यात पहिलीच्या वर्गापुढे तळं साचतं आणि मुलांना विटांवरून उड्या मारत आत जावं लागतं. विद्यार्थ्यांनी आधी हिशेब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. छप्पर आणि पटांगण मिळून हजार चौरस मीटर. एखाद्या वळवात तासाभरात पंचवीस मिलिमीटर पडला तर पंचवीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारी अडीच टँकर. शाळेला उन्हाळ्यात टँकर मागवावा लागत होता आणि पावसाळ्यात तेवढंच पाणी पायरीशी अडत होतं. हा आकडा वहीत त्यांनी दोनदा अधोरेखित केला आहे.

मग डंपी लेव्हल हे जमिनीची उंची मोजायचं यंत्र लावून दर पाच मीटरवर मापं घेतली. मापं सांगत होती की जमीन फाटकाकडे उतरते. मग पाणी वर्गापाशी थांबतं कसं? मुलं संध्याकाळपर्यंत यंत्रच तपासत बसली. शेवटी पटांगण झाडणाऱ्या मावशी जवळ आल्या. “अगं पोरी, त्या दुर्बिणीत काय बघतीस? पाणी नळाच्या मागनं येतं, तिथं ठेचकाळतं अन् वळतं वर्गाकडं. दरसाल बघते मी.” नळापाशी जाऊन एकेक मीटरवर मापं घेतली. पाण्याच्या पाइपावर कुणीतरी कधी काळी काँक्रीटचा पट्टा ओतला होता, धुळीने झाकलेला, आजूबाजूपेक्षा नऊ सेंटिमीटर उंच. पाच मीटरच्या जाळीतून तो निसटला होता. मावशींच्या नजरेतून तो निसटणं शक्य नव्हतं. त्यांनी त्याच्यापुढे बारा पावसाळे काढले होते. वहीतलं ते चुकलेलं माप आम्ही म्हणूनच खोडलेलं नाही. त्याच्या शेजारी मुलांनी मावशींचं म्हणणं लिहिलं आहे, तारीख-वेळेसह, जसं सर्वेक्षणातलं माप लिहितात तसं.

पुढे फूटभर खोल खड्डे घेऊन त्यात पाणी ओतून पाहिलं. फाटकाजवळच्या खड्ड्यात पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच होतं, खाली काळी माती आणि जुना राडारोडा निघाला. मागच्या कोपऱ्यात मुरूम होता, तिथे पाऊण तासात पाणी जिरलं. आराखडा मग जवळजवळ आपोआप ठरला. काँक्रीटचा पट्टा फोडायचा, पाइप खोल पुरायचा, कुंपणाच्या कडेने बारा मीटरचा उथळ चर काढून पाणी मागच्या कोपऱ्यात न्यायचं आणि तिथल्या खोलगट आळ्यात वाळा आणि कर्दळ लावायची. पटांगणाच्या मधोमध एक करंज.

हे काम मुलांनी नऊ शनिवार स्वतः केलं. आर्किटेक्चर शिकलेल्या, कीबोर्डवर हात बसलेल्या मुलांनी पहिल्यांदा पहार धरली. झाडाचा खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. ड्रॉइंगवर ही एक ओळ असते. कडक मुरमात तो खणायला चौघांना दीड दिवस लागला. हातांना फोड आले. यापुढे ‘प्रत्येकी एक घनमीटर खड्डा, संख्या दोनशे’ असं लिहिताना त्यांचा हात क्षणभर थांबेल, कारण ते दोनशे खड्डे कुणाच्या तरी हातांनी खणले जातात. चराच्या तोंडाशी लावलेले दगड पहिल्याच वळवात वाहून गेले. तेव्हा शेजारच्या बांधकामावरचे गवंडीमामा आले. त्यांनी दगडाचं मोठं तोंड आत, मातीत दाबून, आणि लहान तोंड बाहेर ठेवून दाखवलं. “दगड बसवायचा असतो, ठेवायचा नसतो,” एवढंच म्हणाले. पुस्तकातली दोन पानं त्या वाक्यात होती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोठा पाऊस आला, तेव्हा आम्ही सगळे व्हरांड्यात उभे होतो. पाणी नळामागून आलं आणि पूर्वी ठेचकाळायचं तिथे पोचलं. क्षणभर फुगलं. मग चराच्या तोंडात वळलं आणि पालापाचोळा पुढे ढकलत मागच्या कोपऱ्याकडे निघालं. एक मुलगी घड्याळ लावून त्याच्या शेजारून चालत गेली. तिच्या वहीत त्या दिवशीच्या नोंदी आहेत: सुरुवात ४.१०, आळं भरलं ४.३८, पाऊस थांबला ५.०५, आळं रिकामं ६.२०. पहिलीच्या पायरीशी पाणी नव्हतं. मावशींनी विटा उचलून भिंतीला लावल्या.

स्टुडिओतली रात्रजागरणं या वह्यांत कमी आहेत, पण ती आहेत. सबमिशनच्या आदल्या रात्री माउंट बोर्डाचे कंटूर कापताना बोटं कापणं, पहाटे चारला बनमस्का आणि चहा, परीक्षकांच्या ज्युरीपुढे पाय थरथरणं, आणि ‘इथे माळी कुठून पाणी घालणार?’ या एका प्रश्नाने सगळा आराखडा कोसळणं. हा प्रश्न मी प्रत्येक ज्युरीत विचारते. त्याचं कारण माझ्या विद्यार्थिदशेत आहे. एका मोठ्या आवारासाठी आम्ही साठ झाडांचा आराखडा केला होता. उद्घाटन एप्रिलात ठरलं, म्हणून झाडं एप्रिलात लागली. फोटो सुंदर आले. पाणी कोण घालणार, हे कुणी ठरवलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. जूनमध्ये गेलो तेव्हा साठांपैकी सात हिरवी होती. ती चूक अजून माझ्याबरोबर आहे. जमिनीला तिथी असते आणि प्रत्येक झाडामागे रोज पाणी घालणारं एक माणूस असावं लागतं, हे मी त्या सात झाडांकडून शिकले.

आमच्या विषयातल्या थोर कामांकडे पाहिलं तर हेच दिसतं. दिल्लीतली सुंदर नर्सरी घ्या. ब्रिटिश काळात तिथे नव्या दिल्लीसाठी रोपं तयार होत. सुमारे नव्वद एकरांच्या त्या जागेचा आजचा आराखडा मोहम्मद शहीर यांचा. दिल्लीच्या स्कूलमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. २०१५ साली ते गेले आणि बाग लोकांसाठी उघडली २०१८ साली. आज तिथे हिवाळ्याच्या उन्हात पसरलेली कुटुंबं पाहिली की वाटतं, या शिक्षकाचा सगळ्यात मोठा धडा तोच आहे. चीनमधल्या शेनयांगच्या स्थापत्य विद्यापीठाच्या आवारात कोंगजियान यू यांनी हिरवळीऐवजी भाताची खाचरं केली. पावसाचं पाणी त्यांना मिळतं, आणि विद्यार्थी स्वतः लावणी-कापणीत उतरतात. आपल्या हिवरे बाजारला आम्ही दर वर्षी मुलांना नेतो. कमी पावसाच्या त्या गावाने डोंगरउतारावर चर खणले, पाण्याचा दरवर्षी ताळेबंद मांडला आणि त्यावरून पिकं ठरवली. या तिन्ही ठिकाणी आराखड्यानंतरची वर्षं कुणीतरी मनापासून सांभाळली आहेत.

या वह्या वाचताना एक विनंती. आधी तारखा पाहा. एकच जागा जूनमध्ये, नोव्हेंबरमध्ये आणि मे महिन्यात कशी वेगळी लिहिली गेली आहे ते पाहा. जिथे मुलांनी दुसऱ्याचं म्हणणं टिपलंय, मावशींचं, माळीदादांचं, गवंडीमामांचं, गुराख्याचं, तिथे थोडं थांबा. या माणसांची नावं त्यांनीच नको म्हटल्यामुळे छापलेली नाहीत. पण त्यांच्याशिवाय हा संग्रह झाला नसता आणि अभ्यासक्रमही झाला नसता, म्हणून पहिलं श्रेय त्यांचं.

आणि शेवटी त्या करंजाबद्दल. रोप लावलं त्या दिवशी ते माझ्या खांद्याएवढं होतं. शाळेतली मुलं विचारत होती, याची सावली कुठे आहे? तेव्हा आमच्या एका विद्यार्थ्याने खुंटीला चार मीटर दोरी बांधली आणि फक्कीने झाडाभोवती आठ मीटरचं वर्तुळ आखलं. शीटवर होतं ते, जसंच्या तसं, जमिनीवर. म्हणाला, “ही याची सावली. अजून यायची आहे.” सगळा वर्ग, चाळीस मुलं, त्या वर्तुळात उन्हात बसली आणि कुणालाही रेघेबाहेर जावं लागलं नाही. पहिल्या पावसात फक्की धुऊन गेली.

मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि झाडाची सावली बरोबर त्याच्या घेराखाली पडते. त्या दिवशी दर वर्षी आमची त्या वर्षीची मुलं त्या शाळेत जातात. सुट्टी असते, मावशी किल्ली घेऊन येतात. आधी चार मीटर दोरीने जुनं वर्तुळ पुन्हा आखायचं. मग सावली स्थिर झाली की तिच्या कडेने दुसरी रेघ मारायची. लावणारी मुलं केव्हाच पदवी घेऊन गेली, काही परगावी, काही परदेशी. मापं मात्र त्यांना पाठवली जातात. यंदा चौथं माप घेतलं. आतलं वर्तुळ खोडापासून एक मीटर वीस सेंटिमीटरवर आलं आहे. दोन रेघांच्या मध्ये अजून दोन मीटर ऐंशी सेंटिमीटर जमीन उन्हात आहे.

पुणे, मृग नक्षत्र